हप्ता चुकण्याआधी

तरुण संसारात कर्ज एकदम अंगावर येत नाही. घराचं कर्ज विचार करून घेतलेलं असतं, गाडीचं गरजेपोटी. मग बाळंतपण येतं, एकाचा पगार काही महिने थांबतो, घरात कुणाचं तरी ऑपरेशन निघतं, आणि क्रेडिट कार्ड तेवढ्यापुरतं म्हणून बाहेर येतं. त्या त्या वेळी प्रत्येक निर्णय बरोबर वाटलेला असतो, आणि बऱ्याचदा तो बरोबर असतोही. गणित बिघडतं ते पुढे कुठल्यातरी एका महिन्यात. पगार जमा होतो, हप्ते कापले जातात, उरलेल्या पैशात महिना निघत नाही म्हणून किराणा कार्डावर येतो, आणि त्या कार्डाचं बिल भरायला मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज घेतलं जातं. याची टोपी त्याच्या डोक्यावर करायची वेळ आली, की तोच महिना मदत मागायचा असतो.

त्या महिन्यात बहुतेक घरं मदत मागत नाहीत, आणखी कर्ज मागतात. मेहुण्याकडून, मित्राकडून, ऑफिसातून, दुसऱ्या कार्डावरून. लाज वाटते हे समजण्यासारखं आहे. पण उसने पैसे घेतल्यावर देण्यांच्या यादीत एक ओळ वाढते, एवढंच होतं. खरी मदत म्हणजे कुणीतरी घराचा सगळा हिशेब समोर घेऊन हप्त्याचा आकार, मुदत, व्याजदर आणि फेडीचा क्रम यांतलं काय बदलता येईल ते बघणं. ही मदत पहिला हप्ता चुकण्याआधी मागितली, तर हातात पर्याय बरेच असतात.

याला कारण आहे. हप्ता चुकला की ते खातं बँकेच्या नोंदीत लगेच 'विशेष नजरेखालचं' होतं: ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० दिवसांत एसएमए-१, ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे चाललेलं, ठरतं. तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या महिन्यापुढे किती दिवस उशीर झाला तो आकडा उमटतो आणि पुढच्या प्रत्येक बँकेला तो दिसतो. नियमित हप्ते भरणाऱ्या माणसाने "पुढचे सहा महिने अडचणीचे आहेत" म्हटलं, तर शाखेतला अधिकारी वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवू शकतो. चार हप्ते थकल्यावर हीच विनंती वसुली विभागाकडे जाते, आणि तिथे बोलणं वेगळ्या सुरात होतं.

सुरुवात बँकेपासूनही करायची नसते. ती घरातच, नवराबायकोने समोरासमोर बसून करायची असते. कितीतरी घरांत एक कर्ज जोडीदाराला माहीत नसतं, आणि तेच सगळ्यात महागडं असतं, कारण ते लपवण्यासारख्या ठिकाणाहून आणलेलं असतं. म्हणून आठवणीवर विसंबू नये. दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढावेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने क्रेडिट स्कोअर, म्हणजे पत दाखवणारा आकडा, कमी होत नाही. मग दोघांच्या सगळ्या बँक खात्यांची तीन महिन्यांची स्टेटमेंट उतरवून घ्यावीत आणि त्यांत 'एनएसीएच' किंवा 'एसीएच' लिहिलेली प्रत्येक नोंद शोधावी. आपोआप कापले जाणारे हप्ते तिथे सापडतात, अगदी विसरलेल्या वर्गण्यासुद्धा. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा न येणारी देणी वेगळी लिहावी लागतात: नातेवाइकांकडून घेतलेले पैसे, सावकार, दुकानातली उधारी, मालकाकडून घेतलेली उचल, काही छोट्या पतसंस्थांची कर्जं.

एका मोठ्या कागदावर प्रत्येक कर्जाची एक ओळ करा. कुणाकडून घेतलं, आज किती बाकी, व्याजदर किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला कापला जातो, किती महिने उरले, तारण काय, जामीनदार कोण आणि कुणाच्या नावावर. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर केवळ नवऱ्याचं कर्ज आहे म्हणून बायको देणेकरी होत नाही, आणि हेच उलटही खरं. वसुलीवाले फोनवर याच्या नेमकं उलट सांगतात, म्हणून आपल्याला ते पक्कं माहीत असलेलं बरं. तारखांचा रकानाही हलका समजू नये. पगार ७ तारखेला होत असेल आणि हप्ता ५ ला कापला जात असेल, तर पैसे असूनही हप्ता परत जातो. त्याचा दंड खात्याची बँक लावते आणि कर्ज देणाराही लावतो. हप्त्याची तारीख बदलून द्या, हा बँकेकडे करायचा सगळ्यात सोपा अर्ज आहे. तोच कुणी करत नाही.

आता कार्डाची ओळ जरा जवळून पाहू. समजा कार्डावर १,००,००० रुपये बाकी आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, एकूण ४,१३०. तुम्ही 'किमान देय रक्कम' म्हणून पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरलेत, तर मुद्दल उतरलं फक्त ८७० रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण भरलेलं नसताना बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे काल घेतलेल्या औषधांवरही कालपासूनच व्याज सुरू. हेच लाख रुपये १६ टक्के दराच्या तीन वर्षांच्या कर्जात बदलून घेतले, तर हप्ता सुमारे ३,५१६ रुपये येतो आणि ३६ महिन्यांत देणं संपतं. हप्ता कमी, आणि शेवटही दिसतो. कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून द्यायची सोय बहुतेक बँका स्वतःच देतात, फक्त प्रक्रिया शुल्क आणि दर विचारून घ्यावा. मात्र बदलून घेतल्यावर ते कार्ड वापरात राहिलं, तर वर्षभरात हप्ताही असतो आणि कार्डावर नवी बाकीही. त्यामुळे त्याच दिवशी बँकेला सांगून कार्डाची मर्यादा अगदी खाली आणून घ्यावी, आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांक पुसून टाकावा.

दुसरी फसगत 'फ्लॅट' दराची. एक लाखावर १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षं, म्हणजे व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. ऐकायला बारा टक्के स्वस्त वाटतात. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्थांना 'मुख्य तथ्य विवरण' द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, एपीआर, लिहिलेला असतो. तुलना करायची ती त्या आकड्यांची.

पैसे पुरणार नाहीत हे कागदावर दिसलं की आधी काय भरायचं हे ठरवावं लागतं, आणि इथे घरं हमखास चुकतात. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात. कार्डाचा वसुली एजंट दिवसातून पाच फोन करतो, घरमालक भिडेपोटी गप्प बसतो, म्हणून कार्ड भरलं जातं आणि भाडं राहतं. माझ्या मते क्रम असा असावा: राहतं घर (भाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता), अन्न, वीज, औषधं, मुलांची फी, आरोग्याचा आणि मुदतीचा विमा. त्यानंतर ज्या वाहनावर कमाई चालते त्याचा हप्ता. मग तारण असलेली बाकीची कर्जं, आणि शेवटी बिनतारणी. सोनं गहाण असेल तर त्याची मुदत वेगळी पाहावी. मुदतीअखेर एकरकमी फेडायचं कर्ज असेल, तर तारीख चुकल्यावर लिलावाची नोटीस येऊ शकते. विम्याचे हप्ते बंद करून कर्ज फेडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लहान मूल असलेल्या घराने तो मुळीच ऐकू नये. मुदतीचा विमा एकदा बंद पडला तर तो पुन्हा मिळेलच, आणि त्याच दरात मिळेल, याची खात्री नसते.

मग बँकेत जायचं. नुसतं तोंडी बोलून यायचं नाही, लेखी अर्ज घेऊन जायचं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठवायचा. अर्ज लांबलचक नको. त्यात साधारण एवढं असावं:

"माझं कर्ज खातं आजपर्यंत नियमित आहे. प्रसूतीनंतर पत्नीचा पगार थांबल्यामुळे घरचं मासिक उत्पन्न ६८,००० वरून ४१,००० रुपयांवर आलं आहे. तिचं काम सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होईल. सध्या १८,५०० ऐवजी जास्तीत जास्त ११,००० रुपयांचा हप्ता आम्ही नियमित भरू शकतो. मुदत वाढवून किंवा कर्जाची पुनर्रचना करून हप्ता या रकमेपर्यंत आणून द्यावा. दोघांच्या पगाराचे पुरावे, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मासिक खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. कृपया लेखी उत्तर द्यावं."

यात दयेची याचना नाही. कारण आहे, कालावधी आहे आणि एक आकडा आहे. तो आकडा खरा असायला हवा. बँकेला बरं वाटावं म्हणून पंधरा हजार लिहिले आणि तिसऱ्याच महिन्यात तो हप्ता चुकला, तर दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

बँक काय देऊ शकते, त्याची किंमत मात्र समजून घ्यावी. गृहकर्जाचे २५ लाख बाकी आहेत, दर ९ टक्के, १५ वर्षं उरली आहेत: हप्ता सुमारे २५,३५७. मुदत २० वर्षं केली की तो सुमारे २२,४९३ होतो. महिन्याला २,८६४ रुपये मोकळे होतात, पण शेवटपर्यंत हिशेब केला तर सव्वाआठ लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. तरीही अडचणीच्या काळात हे घ्यावं, कारण परिस्थिती सुधारल्यावर हप्ता पुन्हा वाढवता येतो. हप्त्यांना काही महिन्यांची सवलत मिळाली, तर त्या महिन्यांचं व्याज थांबत नाही, ते पुढे येतं. पुनर्रचना केलेलं कर्ज रिपोर्टमध्ये तसं नोंदलं जातं आणि काही काळ नवं कर्ज मिळणं अवघड होतं. कर्ज कमी करायला निघालेल्या घराला तसंही नवं कर्ज नकोच असतं. दंडाची रक्कम वेगळी तपासावी. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हप्ता चुकल्याबद्दल 'दंडव्याज' लावता येत नाही. वाजवी दंडशुल्क लावता येतं, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. ज्या बँकेचं कर्ज थकण्याच्या बेतात आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर ती बँक खात्यातली रक्कम थकबाकीपोटी अडवू किंवा वळती करू शकते. महिन्याच्या एक तारखेला दूध आणि औषधांचे पैसे असे अडकले की घर कोलमडतं. बोलणी सुरू असेपर्यंत पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत असलेलं बरं, अर्थात कर्जाच्या करारात पगार तिथेच जमा करण्याची अट नसेल तर.

नातेवाइकांकडून पैसे घ्यायचेच असतील तर तेही लिहून घ्यावेत: रक्कम, परतफेडीची तारीख, दोघांच्या सह्या. जामीनदार मात्र कुणाला करू नये. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडे जाऊ शकते. "नुसती सही हवी आहे" असं म्हणून भावाला किंवा साडूला बँकेत नेणारा माणूस त्याच्याकडून नेमकं काय मागतो आहे, हे दोघांनाही माहीत असायला हवं.

आता फोन. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, शिवीगाळ करू नये, नातेवाइकांना किंवा ऑफिसातल्या लोकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट नियम आहेत. "उद्या पोलीस येऊन उचलतील" हे वाक्य सगळ्यात जास्त घाबरवतं. कर्जाचा हप्ता थकणं ही दिवाणी बाब आहे, केवळ त्यासाठी अटक होत नाही. फसवणूक करून कर्ज घेतलं असेल, किंवा चेक वटला नसेल, तर गोष्ट वेगळी. चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची संधी असते. ती नोटीस न उघडता कपाटात टाकली जाते, म्हणून खटला उभा राहतो. फोनवर त्रास झाला तर तारीख, वेळ, क्रमांक आणि बोलणं लिहून ठेवावं, बँकेच्या तक्रार कक्षाकडे ईमेल करावा, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करावी. तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ॲपवरच्या कर्जांचं प्रकरण याहून वाईट असू शकतं. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम मान्यताप्राप्त बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवी, आणि ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क, फोटो किंवा कॉलची नोंद वाचायची मुभा नसते. जे ॲप ती मागतं ते पुढे त्याच संपर्कांना फोन करून बदनामी करण्यासाठी मागतं. धमक्या किंवा बनावट फोटो सुरू झाले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे लगेच जावं. पैसे भरून ते थांबत नाहीत, मागणी वाढते. सावकाराच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. कोरा चेक, कोरा मुद्रांक, सही केलेलं खरेदीखत यांतलं काहीही देऊ नये. आधीच दिलं असेल, तर काय दिलं आणि कुठल्या तारखेला, हे आजच लिहून ठेवावं.

घर तारण असलेल्या कर्जाची २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) नोटीस आली, तरी घर दुसऱ्या दिवशी जात नाही. कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे वकिलाशिवाय निभत नाही, आणि वकिलाला द्यायला पैसे नसतात. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला विधी सेवा समिती आहे; कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच सापडतं, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. दोघं सहकर्जदार असतील तर अर्ज बायकोच्या नावाने करावा. लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जमेल एवढ्याच रकमेला हो म्हणावं.

एकरकमी तडजोड, म्हणजे सेटलमेंट, हा शेवटचा उपाय. बँक काही रक्कम सोडते, पण रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागतं आणि ते पुढची काही वर्षं नडतं. "हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, आधी आमची फी द्या" असं सांगणाऱ्यांपासून लांब राहावं. त्यांच्या सल्ल्याने हप्ते थांबतात, दंड वाढतो, नोटिसा येतात, आणि बँकेशी बोलणं शेवटी तुम्हालाच करावं लागतं. नुसता हिशेब समजावून घ्यायचा असेल, तर बँकांनी चालवलेली वित्तीय साक्षरता केंद्रं आहेत. तिथे फी नसते.

या सगळ्यात झोप उडते, घरात बोलणं कडू होतं, मुलांवर ओरडणं वाढतं. कुणाच्या मनात जगणं नको असे विचार येत असतील, तर हिशेबाचा कागद बाजूला ठेवून आधी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

एखादं कर्ज पूर्ण फिटलं, किंवा तडजोडीत मिटलं, तरी त्या ओळीवर लगेच काट मारू नये. तडजोडीचे पैसे भरण्याआधी बँकेच्या छापील कागदावर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही देणं राहणार नाही' असा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र हातात असावं. एजंटचा व्हॉट्सॲपवरचा निरोप चालत नाही. पैसे बँकेच्या कर्ज खात्यातच भरावेत, कुणाच्या खासगी खात्यात नाही. मग ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. गाडीच्या नोंदणीवरचा बोजा आरटीओतून उतरवून घ्यावा. दीडदोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून खातं बंद दिसतं का ते पाहावं. दिसत नसेल तर त्या कंपनीकडे हरकत नोंदवावी, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये मिळतात. आणि आपल्या बँकेत जाऊन त्या कर्जाचा एनएसीएच आदेश रद्द करून घ्यावा, नाहीतर फिटलेल्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुन्हा कापला जाण्याची शक्यता राहते.